हात का सोडलास?

पाठीला माती लागली की कुस्ती संपली. लहानपणी मला एवढा एकच कायदा शिकवला गेला आणि पुढं तो मोडूनच मी पोट भरलं. पडद्यावर मला पडताना पाहिलेली माणसं अजून भेटतात. काय पडायचात हो तुम्ही, म्हणतात. मी हसतो. हसायचंही चित्रपट कंपनीतच शिकवलं होतं.

तासगावच्या अलीकडं आमचं गाव. वडील पलटणीत होते. सरहद्दीकडं कुठंतरी ते गेल्याची तार आली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. आईनं मला काखोटीला मारलं आणि भावाच्या दारात येऊन उभी राहिली. हा भाऊ म्हणजे माझे मामा, गावच्या तालमीचे वस्ताद. त्यांनी लग्न केलं नव्हतं. ब्रह्मचारी मारुतीच्या पायाशी त्यांची वळकटी असायची आणि आमची चूल तालमीला लागूनच्या खोलीत.

मामांचा डावा हात कोपरात वाकडा होता. तरुणपणी औंधला यमाईच्या जत्रेत एका सावकारानं त्यांना पडण्यासाठी चांदीचं कडं देऊ केलं होतं. मामांनी ते त्याच्याच अंगावर फेकलं आणि कुस्ती धरली. कुस्तीत कोपर मोडलं, पण पाठ लागू दिली नाही. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. गावाला मामांपेक्षा त्यांच्या कोपराचा धाक जास्त होता. एखादा पोरगा सरावात कंटाळून ढिला पडला की मामा काही न बोलता फक्त बाही वर करायचे. तेवढ्यानं काम भागायचं. 'शाब्बास' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

मी त्यांचा भाचा, म्हणून मला दुप्पट मार. पहाटेचे जोर, बैठका, मग आखाड्याच्या हौद्यातली माती उकरायची, मग लढत. संध्याकाळी लाठी आणि पट्टा. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद घालून आम्ही तिला लोण्यासारखी मऊ ठेवायचो. पाय ठेवण्याआधी चिमूटभर माती कपाळाला लावायची, मग वस्तादांच्या पाया पडायचं. या मातीत पडलो तर हाड मोडत नसे, फक्त अब्रू जायची.

आणखी एक शिस्त होती. पैलवानानं दुखणं सांगायचं नाही. आज गुडघा दुखतो म्हणालात तर उद्या ते पंचक्रोशीत होतं आणि परवा समोरचा बरोबर त्याच गुडघ्याला हात घालतो. तेव्हा बोट निखळलं तरी गप्प राहायचं आणि रात्री आईकडून हळद लावून घ्यायची. पुढं माझा घात झाला तो या शिस्तीनंच, कुठल्या वाईट सवयीनं नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गावातली निम्मी पोरं भरतीला गेलेली, साखर-रॉकेलला रांगा, तालमीचा खुराक म्हणजे ज्वारीची भाकरी आणि मिळालं तर ताक. अशा उपाशी पोटावर मी औंधच्या जत्रेत एक कुस्ती चितपट मारली. हलगी कडाडत होती, लोक फेटे उडवत होते. गर्दीतून एक कोटवाला माणूस सरळ मामांकडं आला. तो कोल्हापूरच्या एका चित्रपट कंपनीतला होता.

"वस्ताद, हा पोरगा आम्हाला द्या," तो म्हणाला. "आमच्या चित्रात कुस्ती दाखवायची आहे."

"खरी का सोंगाची?" मामांनी विचारलं.

"खरी. नाहीतर पैलवान हुडकत कशाला फिरलो असतो?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या वर आलेल्या बरगड्यांकडंही पाहिलं असेल. "जा," म्हणाले. "पोटाला तरी घालत्याल."

कुस्ती कोण जिंकणार हे त्या माणसानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कुस्तीत हे आधी विचारायचं असतं ही गोष्टच आमच्या तालमीत कुणाला ठाऊक नव्हती.

कोल्हापुरात त्यांनी मला दुष्ट सरदाराच्या पदरचा पैलवान केला. अंगाला तेल, डोळ्यांत काजळ, मिशा चिकटवलेल्या. नायक गाणारा होता. आवाज ऐकत राहावा असा, पण दंड म्हणजे शेवग्याच्या शेंगा. डायरेक्टरनं मला समजावलं, "इथं तू त्याला खाली घेतोस. इथं तुझा हात सुटतो. इथं तो तुला उचलून आपटतो."

"ह्यो मला आपटनार?" मी म्हणालो. "आदी धरू द्या, मग बघू."

सगळे हसले. नायकही हसला, बिचारा सज्जन माणूस. मला त्या हसण्याचा राग आला, पण दोन दिवस पोटभर जेवलो होतो आणि शरीर बेइमान असतं. शिवाय मनाला समजावलं की गावच्या तमाशात मेलेला राजा घरी जाऊन भाकरी खातोच की. यात लाज कसली?

आपटायला मला चौघं उचलायचे आणि खाली टाकायचे. तेवढं कापून नायकाशी जोडणार होते. खाली लाल माती दिसत होती, पण ती नुसती रंगवलेली भुकटी, खाली फरशी. एकदा टाकलं तर प्रकाश चुकला. एकदा मिशी निघाली. एकदा नायकाला शिंक आली. पुन्हा उचल, पुन्हा टाक. कितव्या वेळी कोण जाणे, उजवा खांदा निखळला. कंपनीतल्या म्हाताऱ्या गाडीवानानं बगलेत पाय देऊन तो ओढून बसवला. डायरेक्टर म्हणाला, तोंडावरची कळ फार छान आली. गावाकडं मी खांद्याबद्दल अक्षर काढलं नाही. पैलवानानं दुखणं सांगायचं नसतं.

चित्र सांगलीला लागलं तेव्हा मी अख्खी तालीम दुपारच्या खेळाला नेली. दोन बैलगाड्या भरून पैलवान, पुढच्या गाडीत नवा फेटा बांधलेले मामा. त्यांनी आयुष्यात बोलपट पाहिला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसलो. आईसाठी गजरा घेतला होता, ती पलीकडं बायकांत बसली होती. त्या दुपारी मी किती खूश होतो हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पडद्यावर मी आलो तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी नायकाला खाली घेतलं, पाठीवर बसून सवारी भरली, मानेखालून हात घातला. मामा पुढं झुकले. त्यांचे ओठ हलत होते, तालमीत कठड्यावर बसून हलायचे तसे. आणि मग पडद्यावरचा माझा हात सुटला.

मामा उभे राहिले.

"हात का सोडला त्यानं?" ते मोठ्यानं म्हणाले. "मान गावली हुती की! हात का सोडला?"

"बसा की आजोबा, दिसंना झालंय," मागून कुणीतरी ओरडलं.

पडद्यावर नायकानं मला डोक्यावर घेतलं आणि आपटलं. माझी पाठ त्या रंगीत भुकटीला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर गेले आणि त्यांच्यामागून एकेक करत आमची सगळी तालीम उठली. परतताना ज्यांना माझ्यावर ओरडायचं होतं, ते बैलांवर ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौद्याशी गेलो. माती घ्यायला वाकलो तर मामा म्हणाले, "हात लावू नगंस."

"आवं मामा, सोंग हाय ते! नाटकात राजा मरतो, तो काय खरा मरतो व्हय?"

"राजाचं मरन सोंग आसंल. तुजी सवारी सोंग न्हवती. म्या बघितली. मान गच्च अडकली हुती त्येची. तवा तू हात सोडलास."

"डायरेक्टरनं सांगितलं हुतं."

"मंजी सांगितलं म्हनून सोडलास," मामा म्हणाले.

बाहेरच्या जगात कुणालाही हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण आमच्याकडं सांगितलं म्हणून पडणाऱ्याला एकच नाव आहे. त्यानं कुस्ती विकली. मोबदला चांदीच्या कड्यात घेतला की जेवणात, याला महत्त्व नाही. पडद्यावर पडणं आणि मैदानात पडणं यांत फरक असतो हे गावाला कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं, पण हात माझाच होता ना, दोन्हीकडं तोच.

आणि अडाणी माणसाची अडचण अशी की तो पाहिलेलं विसरत नाही. त्या हंगामात मी जत्रांतून हिंडलो. पंच मला बघून मान हलवायचे. "नगं बाबा, ह्यो पिक्चरवाला. लोक म्हनत्याल ठरवून लावली." माझ्याशी कुस्ती जिंकण्यातही कुणाला अब्रू राहिली नव्हती. बाजारात पोरं मला पाहून धाडकन अंग टाकायची आणि हसायची. मी एकाच्या मुस्कटात मारली, तर त्याचा बाप भांडायला आला. म्हणाला, पोरांवर काय जोर दावतोस, मैदानात दाव.

शेवटी मामाच एक दिवस जेवता जेवता बोलले. तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, भाकरी चाचपून घेत होते.

"येकच वाट हाय," ते म्हणाले. "सांगलीच्या मैदानात खरी कुस्ती धर. जिक न्हाईतर हार. पर लोकास्नी खरी दिसली पायजे. तालमीचं नाव म्या तुज्या हातात देतुया, ह्यापरीस जास्त माज्यापाशी काय न्हाई."

आई चुलीकडं तोंड करून रडली.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. मला माती परत मिळाली. मामा कठड्यावर बसून नुसत्या आवाजावरून माझा डाव ओळखायचे आणि चुकलं की शिवी द्यायचे. त्या शिव्या मी पोटभर खाल्ल्या. स्वतःच्या वाटणीचं दूध त्यांनी माझ्या पेल्यात ओतलं. खांदा अधूनमधून खटकन वाजायचा. मी तो दातांखाली दाबून ठेवला. आता सांगितलं असतं तर मामांनी कुस्तीच मोडली असती आणि मला ती कुस्ती माझ्या खांद्यापेक्षा, खरं तर जिवापेक्षा, हवी होती.

जोड ठरला तो कृष्णेपलीकडच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरात कानडी बोलणारा, अंगानं थोराड, स्वभावानं गाय. मैदान नदीकाठी होतं. मी उतरलो तेव्हा हलगीच्या वरताण लोकांचा आवाज आला, "ए पिक्चर!" मी शड्डू ठोकला. मामांना पंचांनी अगदी कडेला, हौद्यालगत बसवलं होतं.

कुस्ती चांगली झाली. मी हे उगीच सांगत नाही, लोक हळूहळू ओरडायचे थांबले होते. त्यानं मला दोनदा खाली घेतलं, मी दोनदा निसटलो. मग मला संधी दिसली. मी वाकून पट काढला, त्याचा पाय छातीशी धरला आणि त्याला उजव्या खांद्यावर घेतलं. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. लोक उठून उभे राहिले. मला कडेचा मामांचा पांढरा फेटा दिसला, तोही वर उठला होता. मी जिंकलोच होतो.

खटकन आवाज झाला. उजवा हात बोटांपर्यंत मेला आणि आपोआप उघडला. मी पकड सोडली नाही, ती गेली. तो माझ्यावर कोसळला आणि माझी पाठ मातीला लागली. ऊन सरळ डोळ्यांत आलं. आणि मग हसू. सगळं मैदान हसायला लागलं. थेटरात पाहिलेलं त्यांना पुन्हा दिसलं होतं. हातात आलेली कुस्ती आणि सुटलेला हात.

पडताना झटका बसून खांदा पुन्हा जागेवर गेला होता. तो जैन मुलगा तेवढा माझ्यापाशी वाकून म्हणाला, "खांदा निसटला की रं तुजा." त्यानं पंचांनाही तसं सांगितलं. पंच म्हणाले, "जिकनारा तसंच म्हननार की, आपली जिक खरी दिसाया पायजे." तो मुलगा भला माणूस होता, पण भल्या माणसांना पुढचं वाक्य सुचत नाही.

मामा चाचपडत माझ्याजवळ आले. "सोडलास का पडलास?" त्यांनी विचारलं.

"खांदा गेला, मामा. कोल्लापुरातच निखळला हुता त्यो."

त्यांनी माझा खांदा दाबून बघितला. हाड जागेवर, सूज अजून यायची होती. "कोल्लापुरात? मग इतके दिस बोलला न्हाईस?"

"पैलवानानं दुखनं सांगायचं नसतं, असं तुमीच..."

"व्हय," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता. मग त्यांनी तो काढला. "तू आता नट झालास रं. तुजं खरं कंचं, म्या कशानं वळकू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि ते मलाच विचारत होते.

मी पलटणीत नाव घालायला गेलो. डॉक्टरनं माझा हात वर करायला लावला, खांदा खटकला, त्यानं मान हलवली आणि मला बाहेर काढलं. मला वाटलं, देवानं साक्षीदार दिला. धावत घरी येऊन मी मामांना ते सांगितलं. तालमीतला एकजण कडेला तेल चोळत बसला होता. तो म्हणाला, "डाक्टरलाबी फशिवलं म्हना की." पलटणीत जायला नको म्हणून मी सोंग केलं, असं गावात झालं. ज्या गावात घरटी एक फौजी, तिथं याच्याखाली आणखी कुठली पायरी नसते.

मग कोल्हापूरच राहिलं. कंपनीनं मला हसतमुखानं घेतलं. आधी पडायची कामं, मग दरोडेखोर, मग दोन वाक्यं, मग चार. माझा चेहरा लोकांना ओळखू यायला लागला. डायरेक्टर म्हणायचे, याला दुःख शिकवावं लागत नाही. मला त्यांचा खूप राग यायचा आणि काम मात्र मी चोख करायचो. गावी पैसे पाठवायचो. त्या पैशांचं दूध मामांनी कधी पेल्यात घेतलं नाही, असं आई सांगायची.

स्वातंत्र्य मिळून गेलं त्या सुमारास आईचा निरोप आला, ये. मी गेलो तर मामांना त्यांच्या सांगण्यावरून तालमीतच, हौद्याच्या कठड्याला लागून घोंगडीवर निजवलं होतं. दार उघडं होतं, सकाळचं ऊन मातीवर आलं होतं. हौद्यात कुणी उतरत नव्हतं. अंगावर फक्त हाडं राहिली होती आणि त्यांत ते वाकडं कोपर तेवढं पूर्वीसारखं मोठं दिसत होतं. डोळे पुरते गेलेले. आई दूध गरम करायला आत गेली.

"कोन?" मामांनी विचारलं.

"मी, मामा."

त्यांनी हात पुढं केला. मी माझा दिला. त्यांनी हात धरला नाही, मनगट धरलं. पैलवान धरतो तसं, अंगठा नाडीवर आणि बोटं खालून.

"सोडवून घे," ते म्हणाले.

बोटांत काही नव्हतं. वाळलेल्या काड्या. एक हिसडा दिला असता तर त्यांचा हात घोंगडीवर पडला असता, कदाचित एखादं बोटही मोडलं असतं. मरायला टेकलेल्या माणसाला, ज्यानं आपल्याला भाकरी दिली त्याला, हिसडा कोण देईल? मी मनगट इकडं वळवलं, तिकडं वळवलं. श्वास जोरात घेतला. दात आवळले. कंपनीत करायचो तसं सगळं केलं. आणि म्हणालो, "न्हाई सुटत, मामा. गच्च धरलंय तुमी."

मामा बराच वेळ तसेच धरून राहिले. मग त्यांनी स्वतःच बोटं उघडली.

"बग," ते म्हणाले. "जोर लावलाच न्हाईस. आसाच हात सोडतोस तू."

आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी त्यांना हाका मारल्या. सांगलीला तसं नव्हतं मामा, सांगलीला खरं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ऐकलं असतं तरी काय, ज्या आवाजात मी बोलत होतो तो आवाज आता माझा धंदा होता.

आई दूध घेऊन आली तेव्हा ते गेले होते. तिनं पेला खाली ठेवला, त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "काय बोलला का रं माजा भाऊ तुज्यासंगं?"

"व्हय," मी म्हणालो. "शाब्बास म्हनले."

आईनं पदर तोंडाला लावला आणि खूप रडली. तिला खरं वाटलं.